इंग्लंडहून टर्नटेबल मागवायचं आहे. व्यापार करारामुळे ड्युटी कमी होईपर्यंत थांबू का?

वीणा_धंतोली
नमस्कार मंडळी. बाबा नागपूरच्या महाल भागात गाणं शिकवायचे. त्यांच्या दोनशेच्या वर एलपी, म्हणजे गाण्यांच्या तबकड्या, घरात आहेत. प्रत्येक कव्हरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईने घेतल्याची तारीख आणि किंमत लिहिलेली. होळीच्या सुट्टीत जुना प्लेअर उघडला तर रबरी पट्टा गुळाच्या पाकासारखा पुलीला चिकटलेला. ओढला तर बोटं काळी झाली आणि पट्टा तुकड्यातुकड्यांनी हातात आला. इतके नागपुरी उन्हाळे काढले त्याने. सीताबर्डीत दाखवला, मोटरही गेली म्हणाले.

आता इंग्लंडच्या रेगा कंपनीचा प्लॅनर 1 हा टर्नटेबल, म्हणजे तबकड्यांचा प्लेअर, घ्यायचं मनात आहे. भाची लीड्सला असते, ती तिकडून पाठवायला तयार आहे. पण मला धास्ती आहे ती 2023 ची. जर्मनीहून 12,000 रुपयांचे हेडफोन मागवले होते, त्यावर 9,273 रुपये ड्युटी लागली. कुरिअरवाल्यांनी स्वतःचं शुल्क लावलं ते वेगळंच. तीन दिवस फोन केले, हा आकडा कसा आला ते कोणी सांगितलं नाही. पावतीवर फक्त 9804 लिहिलेलं होतं.

24 जुलै 2025 ला ब्रिटनशी करार झाला. घरचे म्हणतात, जरा थांब, ड्युटी शून्य होईल. खरंच थांबू का?

सदर_स्टिरिओ
थांबा ताई. करार झाला म्हणजे इंग्लंडचा माल स्वस्त होणारच. घाई कशाला करता?

अजनी_डेपो
ताई, मी अठरा वर्षं क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवायचं काम केलं, त्यातली बरीचशी अजनीच्या कंटेनर डेपोत. तुमचा आकडा बरोबर आहे. कुरिअरने किंवा पोस्टाने स्वतःसाठी मागवलेली वस्तू 9804 या एकाच शीर्षकाखाली मोजतात. आत टर्नटेबल आहे की चपला, तिथे फरक पडत नाही. तेव्हा मूळ ड्युटी 35 टक्के होती, त्यावर 10 टक्के अधिभार आणि या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण 77.28 टक्के. 12,000 वर मांडून पाहा, तुमचेच 9,273 येतात.

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ती कोणत्या करारामुळे नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून आयजीएसटी 28 चा 18 झाला. वैयक्तिक आयातीची मूळ ड्युटी मधल्या काळात 35 ची 20 झाली होती, ती 2026 च्या अर्थसंकल्पात 10 टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं.

कराराचं म्हणाल तर आधी एक गोष्ट धरून चाला. करारात फक्त कस्टम ड्युटी कमी होते, आयजीएसटी तसाच राहतो. दुसरं, सही झाली त्या दिवशी दर बदलत नाहीत. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी सही झाली 10 मार्च 2024 ला आणि करार लागू झाला 1 ऑक्टोबर 2025 ला. लागू झाल्यावरही काही वस्तूंची ड्युटी वर्षावर्षाने उतरते. तिसरं, माल कुठून आला एवढंच बघत नाहीत, कुठे बनला ते बघतात, आणि तो पुरावा आयात करणाऱ्याने द्यायचा असतो. 2020 पासून कस्टम कायद्यात त्यासाठी 28डीए हे वेगळं कलमच आहे. एका खोक्यासाठी हे सगळं करायला एजंट लावाल तर वाचलेले पैसे त्याच्याच फीत जातील.

हिशेब सांगतो, आकडे समजायला सोपे घेतले आहेत. तिकडच्या दुकानात किंमत 48,000. त्यात त्यांचा 20 टक्के व्हॅट आहे. दुकानाने थेट परदेशी पाठवलं तर व्हॅट वगळून 40,000 लागतात. पाठवणी 5,000 धरा. ड्युटी पाठवणीसकट 45,000 वर लागते: 10 टक्क्यांचे 4,500, मग 49,500 वर 18 टक्के म्हणजे 8,910. अधिभार सोडूनही घरपोच 58,410. आता कराराने मूळ ड्युटी शून्य झाली असं धरा. तरी 8,100 आयजीएसटी आहेच, म्हणजे 53,100. सगळं जुळून आलं तर 5,310 वाचतील. त्यासाठी बाबांच्या तबकड्या अजून किती दिवस बंद ठेवायच्या, ते तुम्ही ठरवा.

एक मात्र करू नका. भाचीने दुकानातून घेऊन मग कुरिअर करायचं नाही. व्हॅटही जाईल आणि इथे ड्युटीही लागेल.

खामला_हेडफोन
अजनीभाऊंचं तिसरं मी पैसे मोजून शिकलो. जपानशी आपला करार 1 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे, म्हणून जपानी कंपनीचे हेडफोन जपानच्याच दुकानातून मागवले. खोकं उघडलं तर खाली बारीक अक्षरात 'मेड इन चायना'. पूर्ण ड्युटी भरली. ब्रिटिश नावांचंही तसंच आहे. वार्फडेलचे स्पीकर चीनमध्ये बनतात. रेगाचे टर्नटेबल मात्र इंग्लंडमधल्या साउथएंडलाच बनतात, त्यामुळे तुमची वस्तू खरी तिकडची आहे.

अजनी_डेपो
अजून एक विचारायचं राहिलं ताई, भाची इकडे येणार आहे का एवढ्यात? सामानातून आणलं तर हिशेबच वेगळा. फेब्रुवारी 2026 च्या नव्या बॅगेज नियमांत आपल्या लोकांसाठी ड्युटीमाफ सामानाची मर्यादा 50,000 वरून 75,000 झाली आहे. बाकी महागाचं काही नसेल तर हे त्यात बसतं. व्हॅट परत मिळणार नाही, ब्रिटनने प्रवाशांना तो परतावा देणं 2020 अखेर बंद केलं. तरी 48,000 मध्येच घरात येईल. करार लागू होऊनही त्यापेक्षा स्वस्त पडत नाही. बिल जवळ ठेवायला सांगा.

वीणा_धंतोली
अजनीदादा, इतकं नीट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. भाची मे महिन्यात लग्नाला येते आहे! आत्ताच फोन केला. ती म्हणाली, मावशी, एक बॅग तुझ्यासाठीच रिकामी ठेवते. मोटर आणि सुईच्या दांडीला प्रवासात धक्का लागू नये म्हणून कंपनीच्या मूळ खोक्यातच आणायला सांगितलं आहे. तोवर एलपी मऊ कापडाने पुसून उभ्या लावून ठेवते. आडव्या गठ्ठ्यात होत्या, खालच्या दोन वाकल्या आहेत. त्या सरळ करता येतात का, कोणाला माहीत असेल तर सांगा.