गॅलीपर्यंत चालत जा

विमानप्रवासाच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, मागच्या सीटवरचा प्रवासी त्रास देत असेल तर वळून चांगलं सुनवावं. मी मुंबई-नेवार्क (न्यूयॉर्कजवळ) विमानात ते करून बसलोय. १५-१६ तासांचा प्रवास, त्यातला तिसराच तास. मागचे काका हेडफोन न लावता मोबाइलवर कीर्तन ऐकत होते, वर दर पाच मिनिटांनी ट्रे उघडून खाडकन बंद. म्हटलं, "काका, जरा आवाज..." उत्तर आलं, "तिकीट आम्हीपण काढलंय." पुढे नेवार्कपर्यंत ट्रे मुद्दाम आपटला गेला!

परतीला असाच एक नग भेटला, पण मी शहाणा झालो होतो. मागे गॅलीत, म्हणजे विमानातल्या खाण्यापिण्याच्या तयारीच्या जागेत जाऊन, हवाईसुंदरीला हळूच सांगितलं. ती आली, हसत त्याच्या हातात हेडफोन ठेवले, विषय संपला. गणवेश दिसला की हेच लोक मऊ होतात. शिवाय डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१७ च्या नियमांत नुसत्या शिवीगाळीलाही ३ महिन्यांपर्यंत विमानबंदी आहे, धक्काबुक्कीला ६ महिन्यांपर्यंत. चिडून तुम्हीच हात उचललात तर विमानबंदीच्या यादीत नाव तुमचं.

तान्हं बाळ रडत असेल तर मात्र मी गप्प बसतो. विमान उतरताना कानात दडे बसतात हो त्यांच्या.