कोकण रेल्वेचं विलीनीकरण: हवं की नको?

खाडीकाठचा (धागाकर्ता)
मंडळी, कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने पण होकार दिला, गोवा कर्नाटक केरळ आधीच तयार होते, तेव्हापासून आमच्या गावच्या ग्रुपवर यावरून रोज जुंपतेय. माझं मत सरळ आहे, विलीनीकरण व्हायलाच हवं.

महामंडळ काढलं ते मुळात पैशाच्या अडचणीतून. खासदार बॅ. नाथ पैंपासून कोकणची माणसं ही रेल्वे मागत होती, पण दरवेळी बजेटमध्ये पैसे नाहीत हेच उत्तर. शेवटी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना मार्ग निघाला, रेल्वेचे ५१ टक्के, आपल्या राज्याचे २२, बाकी कर्नाटक गोवा केरळचे, आणि उरलेला पैसा रोखे काढून. १९९० ला महामंडळ, श्रीधरन साहेब प्रमुख, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर अख्खी लाईन सुरू. ९० हून जास्त बोगदे, रत्नागिरीजवळच्या पानवलचा ६४ मीटर उंच पूल, सगळं आठ वर्षांच्या आत. त्या माणसांना माझा कायमचा सलाम.

पण बांधण्यापुरती ती युक्ती ठीक होती हो. आता बघा, दुपदरीकरण रोहा ते वीर, जेमतेम ४७ किमी, पुढे सगळा सिंगल ट्रॅक. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की पॅसेंजर लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर टाकतात, एक एक्सप्रेस जाते, मग दुसरी, मग मालगाडी, डब्यात पंखा गरम हवा फेकतोय, पोरं रडतायत, म्हातारी माणसं दरवाज्यात येऊन सिग्नल बघतायत. एवढ्याशा महामंडळाने डबल ट्रॅकचे हजारो कोटी आणायचे कुठून? वर भाडं बघा, १०० किमी प्रवास केला तर १४० किमीचे पैसे घेतात, कारण अंतरच ४० टक्के वाढवून धरतात. २७ वर्षं भरतोय आपण ते.

राजापूरचा_बाळा
साफ चूक. दादर रत्नागिरी पॅसेंजर आठवतेय का? कोरोनानंतर ती दादरपर्यंत न नेता ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनलाच थांबवली. दादरचा प्लॅटफॉर्म महामंडळाचा आहे का? रोह्याच्या अलीकडे सगळा कारभार मध्य रेल्वेचा, भारतीय रेल्वेच्याच एका झोनचा. म्हणजे ज्यांनी आपली गाडी दिव्याला आणून सोडली त्यांच्याच हातात उरलेली लाईन पण द्यायची म्हणता तुम्ही. आज निदान बेलापूरला महामंडळाच्या मुख्यालयात जाऊन भांडता येतं, उद्या रत्नागिरीचा तुकडा एका झोनला, कारवारचा दुसऱ्याला, मग कोणाच्या दारात जायचं?

खाडीकाठचा
बाळा, तुझं दिव्याचं दुखणं माझंही आहे. पण ती गाडी तुटली तेव्हा महामंडळ काय करू शकलं? काही नाही, कारण त्या टेबलावर त्यांना खुर्चीच नाही. म्हणून मागणी अशी हवी की विलीनीकरण करा पण तुकडे न करता, कोकणचा वेगळा झोन द्या.

पावसाळी_गस्त
माझे वडील याच लाईनवर ट्रॅकमन होते म्हणून लिहितोय. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि गाडी घसरून ५१ माणसं गेली. त्यानंतर इथली कामाची पद्धत बदलली. पावसाळ्याचं वेगळं टाईमटेबल, गाड्यांचा वेग कमी, कटिंगला (डोंगर कापून लाईन नेलीय तिथे) जाळ्या, रात्रंदिवस गस्त. वडील रेनकोट घालून हातात बत्ती घेऊन निघायचे, कुठल्या कटिंगला कुठून पाणी सुटतं, कुठला दगड गेल्या वर्षापेक्षा पुढे आलाय हे त्यांना तोंडपाठ होतं. हे ज्ञान इथल्या माणसांकडे आहे. देशभर बदल्या होणाऱ्या खात्यात दर तीन वर्षांनी नवा साहेब येणार आणि त्याने पहिल्या पावसात शिकायचं, ते आपल्याला परवडणारं नाही. पैसे यावेत हे मान्य, पण माणसं हलवू नका.

काजूवाली
खाडीकाठचे दादा, तुमचा म्हणणा माका पटला नाय. ज्यांची जमीन गेली त्यांचं काय? आमची काजूची बाग गेली लाईनमध्ये, भावाला त्यावर नोकरी लागली. महामंडळाच्या भरतीत जमीन गेलेल्यांना पहिलं प्राधान्य असतं. विलीन झालं की देशभरातून एकच परीक्षा, आमची पोरं त्यात कुठे टिकणार? अजून कितीतरी घरं नोकरीची वाट बघतायत आणि राज्य सरकारने होकार देताना अटी काय घातल्या, तर नाव कोकण रेल्वेच ठेवा आणि राज्याचे चारशे कोटींच्या आसपास पैसे परत द्या. नावाने कोणाची चूल पेटत नाही. जमीन गेलेल्यांची अट का नाही घातली?

खाडीकाठचा
काजूवाली ताई, हा मुद्दा बरोबर आहे आणि तो लेखी करारात यायलाच हवा, नुसत्या तोंडी आश्वासनावर नाही. तरी माझी बाजू सोडत नाही, कारण नोकऱ्या पण डबल ट्रॅक झाला तरच वाढतील, ४७ किमीवर अडकलेल्या लाईनला किती माणसं लागणार?

राजापूरचा_बाळा
मग आधी करार दाखवा, सही नंतर. ताईंची अट आणि दादर पॅसेंजर, दोन्ही त्यात हवं. तोपर्यंत माझं मत नकोच.