मदत हवी आहे: ७ वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर, गावातून पैसे जमवायचेत, क्यूआर कुणाच्या नावाचा टाकू?

औसा_रोड
गावातल्या एका घरातल्या मुलीला ब्लड कॅन्सर निघालाय. ३ एकर कोरडवाहू, बाप मजुरीला जातो. मायबाप तिला घेऊन मुंबईला गेलेत, घरी आजी आणि लहान भाऊ. लोक द्यायला तयार आहेत, गणेश मंडळाकडे ४० हजार शिल्लक आहेत. एकच सांगा, फोनपेचा क्यूआर बापाच्या नावाचा टाकू की मंडळाच्या अध्यक्षांच्या? पोस्टर आज रात्रीच ग्रुपवर टाकायचंय. प्लेटलेटपण लागतायत म्हणे, पोरांची एक गाडी भरून पाठवू का? जरा लवकर.

परळकर
मुंबईत कुठे? टाटा, वाडिया की खासगी? ब्लड कॅन्सर म्हणजे नेमका कोणता? रेशनकार्ड कोणत्या रंगाचं? हे कळल्याशिवाय किती जमवायचं ते ठरत नाही, आणि रक्कम ठरल्याशिवाय पोस्टर काढू नये.

औसा_रोड
टाटा. कागदावर ए.एल.एल. (मुलांमधला एक ब्लड कॅन्सर) लिहिलंय. केशरी कार्ड. क्यूआरचं सांगा ना.

ताळेबंद
अध्यक्षांच्या नावाचा नको. माणूस कितीही सरळ असला तरी त्यांच्या खात्यात त्यांची खत-बियाण्याची उलाढालही चालत असणार. उद्या कुणी हिशोब मागितला तर वेगळा काढता येणार नाही. बापाच्या रोजच्या खात्यातही नको, त्यातून कर्जाचे हप्ते कापले जातात.

नवीन बचत खातं काढा. पहिलं नाव आईचं, सोबत गावातले दोघं, आणि व्यवहाराची अट ‘कोणत्याही दोघांच्या सह्या’. ‘कोणीही एक’ ही अट ठेवू नका. अशा खात्यावर यूपीआय सहसा मिळत नाही, म्हणून पोस्टरवर क्यूआरऐवजी खाते क्रमांक आणि आयएफएससी छापा. देणारे थोडे कमी होतील, पण भांडणं होणार नाहीत. शिवाय क्यूआरवर अनोळखी लोकांचे पैसे येतात. त्यातला एखादा सायबर फसवणुकीचा निघाला तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक रक्कम गोठवते, आणि ती सोडवायला महिने जातात.

दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५० हजारांच्या वर आले तर नुसती वरची नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरतात.

कायदेपंडित
ताळेबंद, उगाच घाबरवू नका. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट (करमाफी) आहे, या घराला कर शून्यच येणार. खरा मुद्दा मंडळाच्या ४० हजारांचा. उत्सवाच्या नावाने धर्मादाय आयुक्तांची ४१क (वर्गणी गोळा करण्याची) परवानगी घेऊन गोळा केलेले पैसे परस्पर दुसरीकडे वळवता येत नाहीत. सभा घ्या, ठराव लिहा, चेक काढा.

ताळेबंद
कर शून्य आला तरी सूट मर्यादेच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरावं लागतं, हे तुम्ही सोयीने गाळलंत. पॅन आईचं, तर रिटर्नही आईचं. आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. ठरावाचं बरोबर आहे. फक्त चेक घरच्यांच्या नावाने न काढता रुग्णालयाच्या नावाने काढा आणि मागे मुलीचा फाइल क्रमांक लिहा. टाटात रुग्णाच्या नावावर आगाऊ रक्कम जमा होते आणि त्यातून खर्च वजा होत जातो.

परळकर
तुम्ही दोघं कराचं ठरवा, मी उपचाराचं सांगतो. ए.एल.एल.मध्ये पहिला टप्पा साधारण महिना-सव्वा महिन्याचा, मग काही महिने जोराचे, मग गोळ्यांवर देखभाल. सगळं मिळून २ ते अडीच वर्षं. म्हणजे आज रात्री २ लाख जमवून काम संपत नाही. पहिल्या महिन्यात भावनेच्या भरात सगळे देतात, आणि आठव्या महिन्यात घरभाडं द्यायला कुणी नसतं. वर्गणी महिन्याची बांधा. १०० घरांनी दरमहा १०० रुपये दिले तर तेवढ्यात आजीचं घर चालतं.

औषधोपचाराचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होऊ शकतो. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. टाटात आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, हेल्पलाइन १५५३८८. पण मंजुरी आधी घ्यावी लागते. खिशातून भरलेले पैसे योजना परत देत नाही. म्हणून आई-वडिलांना आजच फोन करा, कुणाच्या सांगण्यावरून रोख भरत बसू नका म्हणावं. मुलांच्या विभागात समाजसेवकही असतात, कॅन्सरग्रस्त मुलांसाठीच्या इम्पॅक्ट फाउंडेशनची मदत त्यांच्यामार्फतच होते. नोंदणी ‘जनरल’मध्ये (सवलतीच्या वर्गात) झालीय की ‘प्रायव्हेट’मध्ये, तेही विचारा.

दिलदार_बीडकर
मुख्यमंत्री सहाय्यता निधीत टाका ना सरळ! आमदारांचं पत्र आणलं की झालं.

परळकर
झालं नाही. तो निधी योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी आहे. १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, आधार, रेशनकार्ड, डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक, उपचार घेत असलेल्या रुग्णाचा जिओटॅग (ठिकाण नोंदलेला) फोटो, एवढं लागतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. पत्राने अर्ज मंजूर होत नाही. आधी योजना, मग धर्मादाय संस्थांची मदत, मग निधी, असा क्रम धरा.

न्यूजर्सीकर
मी १०० डॉलर पाठवतो. झेल (इथलं पैसे पाठवायचं ॲप) चालेल का? आणि ८०जी (करसवलतीची) पावती मिळेल का?

ताळेबंद
झेल भारतीय खात्यात चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यातून) पाठवा, ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकी पासपोर्ट असेल तर ज्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची) नोंदणी आहे तिलाच द्या. ८०जी व्यक्तीला दिलेल्या पैशावर नसते, नोंदणीकृत संस्थेला दिलेल्यावर असते.

रक्तपेढी_ताई
गाडी भरून नेऊ नका! प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, तेही २०-२४ अंशांवर सतत हलवत ठेवून. २० जणांनी एकाच दिवशी दिल्या तर त्यातल्या बऱ्याच वाया जातील आणि पुढच्या आठवड्यात द्यायला कोणी उरणार नाही.

यंत्राने एकाच दात्याकडून काढलेली प्लेटलेटची एक पिशवी (एसडीपी) ही साध्या ५-६ पिशव्यांच्या तोडीची असते. त्यासाठी वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, आणि कोपराजवळची शीर ठळक हवी. आदल्या ३ दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. दीड-दोन तास लागतात. बरेच जण शिरेवरून नाहीतर काउंटवरून परत पाठवले जातात, म्हणून एका पिशवीसाठी तिघांची तपासणी धरा. औशाहून पोरं नेण्यापेक्षा परळ-लालबाग-डोंबिवलीत राहणारे तुमच्या तालुक्यातले लोक शोधा आणि आठवड्याला दोन अशी यादी बांधा. सख्ख्या नात्यातल्यांनी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पुढे कधी प्रत्यारोपणाची वेळ आली तर त्याचा अडथळा होऊ शकतो. मुलीचा रक्तगट कोणता?

निसर्गमित्र
पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट ताबडतोब वाढतात. डेंग्यूत सगळे घेतात.

रक्तपेढी_ताई
इथे प्लेटलेट कमी होण्याचं कारणच वेगळं आहे, आणि केमोने यकृतावर आधीच ताण असतो. काढे, चूर्ण, गावचं टॉनिक काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. फॉलिक ॲसिडचं साधं टॉनिकसुद्धा मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या आड येऊ शकतं.

निसर्गमित्र
ॲलोपॅथीवाल्यांना दुसरं काही पटतच नाही.

स्टेमसेल_शिबिर
गावात स्टेमसेल नोंदणी शिबिर लावा! गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, दुखत नाही.

परळकर
चांगलं काम आहे, पण या मुलीला कुणी प्रत्यारोपण सांगितलेलं नाही. शिबिरासाठी वेगळा धागा काढा.

बांधावरून
सगळे पैशात अडकलेत. सोयाबीनचं रान कोण बघतंय? इर्जिक घाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनमजुरीचं काम. ३ एकराला १५-१६ माणसं एका दिवसात काढणी उरकतात. जेवण मंडळाने द्यावं, त्याला ठराव-बिराव नको. मळणीयंत्राचं भाडं तेवढं जमवलेल्या निधीतून. माल विकला की पट्टी (विक्रीचे पैसे) आजीच्या हातात द्या, निधीत मिसळू नका, ते त्यांचं स्वतःचं उत्पन्न आहे. आणि आजीला रोज डबा पाठवू नका, एकाच दिवशी सहा डबे येतात आणि मग चार दिवस एकही नाही. घरांची वारं लावून द्या.

परळकर
हे झकास. मुंबईतलंही असंच. दोघांच्या राहण्यासाठी नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आणि मुलांसाठी सेंट ज्यूड. शेवटची जागा मोफत असते, पण रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या शिफारशीने मिळते, थेट जाऊन नाही. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांची सही घ्या आणि तिकीट खिडकीवर काढा.

आणि भेटायला झुंडीने जाऊ नका. पांढऱ्या पेशी खाली असताना साधी सर्दीही भारी पडते. ज्यांच्या घरी कांजिण्या आहेत त्यांनी तर लांबच राहावं. चुकून संपर्क आलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

औसा_रोड
रक्तगट बी पॉझिटिव्ह. खातं तुम्ही म्हणता तसं काढतो. आरोग्यमित्राला आत्ता वडील भेटले, तो म्हणतो मुलीचं नाव रेशनकार्डात नाही. आता?

पुरवठा_शाखा_निवृत्त
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, निम्मा धागा वाचला असता. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज द्या. जन्मदाखला, मुलीचं आधार, मूळ कार्ड. अर्जावर ‘उपचारासाठी तातडीचे’ लिहा आणि टाटाचं पत्र जोडा. नुसतं कार्डावर पेनाने नाव लिहून आणलं तर उपयोग नाही, ऑनलाइन १२ अंकी क्रमांकात ते दिसलं पाहिजे. घरी येण्याआधी तिथेच तपासून घ्या.

आधार निळं, लहानपणी काढलेलं असेल तर ५ वर्षांनंतरचं बोटांचे ठसे-बुबुळांचं अपडेट राहिलेलं असणार. त्याशिवाय केवायसी अडते. मुलगी मुंबईत आहे तर ते मुंबईतल्याच आधार केंद्रावर करून घ्या, पेशी बऱ्या असलेल्या दिवशी आणि गर्दी टाळून.

औसा_रोड
आधार निळंच आहे. जन्मदाखला आजीकडे सापडला. मूळ कार्ड मात्र वडिलांकडे मुंबईत.

पुरवठा_शाखा_निवृत्त
पोस्टाने मागवू नका, हरवलं तर दुय्यम प्रतीचा वेगळा घोळ. डॉक्टरांनी योजनेसाठी उपचाराचं पत्र लिहून द्यावं, ते आणि कार्ड एकत्रच येऊ द्या.

रक्तपेढी_ताई
गाडीभर नाही, दोघंच पाठवा. बी पॉझिटिव्ह, धडधाकट, गोळ्या न घेणारे. रात्रीच्या लातूर–मुंबईने जाऊ देत, सकाळी पोटभर नाश्ता करून रक्तपेढीत. एकाची शीर नाही मिळाली तर दुसरा आहे. येताना कार्ड आणि पत्र तेच घेऊन येतील.

ताळेबंद
आणि पोस्टरवर मुलीचा फोटो, आधार, रिपोर्ट टाकू नका. नाव, फाइल क्रमांक, खातं, दोन फोन आणि ‘या तारखेनंतर पुढे पाठवू नये’ अशी तारीख. तारीख नसलेले संदेश पाच-पाच वर्षं फिरत राहतात.

दिलदार_बीडकर
मंडळाने यंदा डीजे रद्द केला तर अजून ६० हजार वाचतील, बघा बुवा.

औसा_रोड
डीजेचं नंतर भांडू. दोघं तयार आहेत, तिकीट काढतोय.