मदत हवी आहे: 'रिंगाण'नंतर काय वाचू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' कालच संपवली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली हीच ती. धरणामुळं उठलेलं गाव आणि मागं राहिलेली म्हैस... आमच्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, त्यामुळं काही पानं वाचताना पुस्तक मिटून गप्प बसले. बोलीभाषा तर अशी, की आजीच शेजारी बसून सांगतेय असं वाटलं.

त्याआधी नंदा खरे यांची 'उद्या' वाचली. तीही आवडली, पण जीव गुंतला तो 'रिंगाण'मध्येच.

आता गेल्या पाच-सात वर्षांतली, गावमातीतली मराठी कादंबरी सुचवाल का? बाईनं लिहिलेली असेल तर फारच छान. अनुवाद सध्या नकोत. का आवडली तेही दोन ओळींत सांगा, रविवारी पुस्तकं घ्यायला जाणार आहे.