अनुभव धागा : इंडेक्स फंडात मुरलेली वर्षे

धागाकर्ता, लालबाग :
शेअर बाजारातील मोठ्या कंपन्यांची चढउतार दाखवणाऱ्या निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स या निर्देशांकांची नक्कल करणाऱ्या फंडात पाच वर्षांहून अधिक काळ पैसे ठेवलेल्यांनी येथे लिहावे, ही विनंती. किती टक्के मिळाले यापेक्षा, बाजार पडला तेव्हा घरात काय बोलणे झाले आणि आपण काय केलेत, ते वाचायला आवडेल. माझ्या गिरणी कामगार वडिलांचा विश्वास पोस्टाच्या आरडीवर होता. २०१३ मध्ये मी अशा फंडात दरमहा दोन हजारांचा हप्ता सुरू केला तेव्हा "हमी कोणाची?" असे त्यांनी विचारले होते, आणि त्याचे उत्तर आजही "कोणाचीच नाही" हेच आहे.

निवृत्त शिक्षिका, बोरिवली :
हमी नसणे म्हणजे काय, ते मी पुरेपूर पाहिले आहे. मुलीच्या अभियांत्रिकीच्या शुल्कासाठी जानेवारी २००८ मध्ये, निफ्टी ६,२०० च्या आसपास असताना, मी दीड लाख रुपये एकरकमी गुंतवले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस तो २,६०० च्याही खाली बंद झाला. यजमानांनी एका शब्दाने विषय काढला नाही, आणि तेच अधिक बोचले. २०१२ मध्ये शुल्क भरायची वेळ आली तेव्हाही निर्देशांक जुन्या पातळीला पोचलेला नव्हता, त्यामुळे दोन तृतीयांश युनिट (फंडातले माझे हिस्से) मुद्दलापेक्षा कमी भावाने विकावे लागले. जो पैसा अमुक वर्षी लागणारच होता, तो मुदत ठेवीत असायला हवा होता. उरलेला तिसरा हिस्सा मात्र मी मोडला नाही. २०२१ मध्ये घराच्या दुरुस्तीचा बहुतेक खर्च त्यातूनच निघाला.

हॉटेल कर्मचारी, अंधेरी :
२३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरून ७,६१० वर आला, आणि त्याच आठवड्यात टाळेबंदी लागून आमचे हॉटेल बंद पडले. एप्रिलपासून पगार निम्मा झाला. मी हप्ता थांबवला आणि पुन्हा सुरू केला तो थेट डिसेंबरमध्ये, निफ्टी १३,००० च्या वर गेल्यावर. "स्वस्त युनिट घालवलेस" असे मित्र आता ऐकवतात, पण तेव्हा खोलीचे भाडे आणि किराणा त्याच निम्म्या पगारात भागवायचे होते. बँकेत शिल्लक नसल्यामुळे काही युनिट पडत्या भावात विकावे लागले, त्याची खंत आजही आहे. आता सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय मी हप्ता वाढवत नाही.

नोकरदार, मुलुंड :
जोखीम विभागली जावी म्हणून मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे निफ्टी ५० फंड घेतले होते. तिघांतही त्याच पन्नास कंपन्या आहेत, हे उमगायला चार वर्षे लागली. शिवाय सगळे एका परिचितामार्फत, रेग्युलर योजनेत. थेट फंड कंपनीकडून घ्यायच्या डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध होत्या. शेअर तेच, फक्त मध्यस्थाचे कमिशन नसल्याने खर्च कमी. एका योजनेतून दुसरीत जाणे करासाठी विक्रीच धरले जाते, म्हणून दीर्घकालीन नफा वर्षाला एक लाखाच्या करमुक्त मर्यादेत राहील अशा बेताने (आता ती सव्वा लाख आहे) मी तीन आर्थिक वर्षांत हे स्थलांतर पुरे केले. तो परिचित अजून लग्नकार्यात भेटतो, तेव्हा आम्ही पावसापाण्यावर बोलतो.

गृहिणी, गिरगाव :
माझ्या थोरल्या दिरांनी वर्षानुवर्षे हप्ता भरला आणि घरात कोणालाच सांगितले नाही. ते गेल्यावर कपाटात खातेविवरण सापडले, पण त्यावर नामनिर्देशन नव्हते. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे, इतर वारसांची ना हरकत असे करत युनिट जाऊबाईंच्या नावावर व्हायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत निर्देशांक कुठे होता, हे आमच्यापैकी कोणीही पाहिले नाही.