मदत हवी आहे: केंटकीत आलेल्या पहिल्या पिढीतल्या बाईचं माहेर कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

वंशावळी आणि जुनी दप्तरं यांत रमणारे इथे बरेच जण आहेत, अमेरिकेत राहणारेही पुष्कळ आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. प्रश्न मराठी घराण्याचा नाही. माझं सासर अमेरिकन आहे आणि शोध चाललाय तो सासूबाईंच्या माहेरच्या मूळपुरुषाचा, खरं तर त्याच्या बायकोचा.

सासूबाईंचं माहेर मध्य मिसूरीतल्या हॉवर्ड काउंटीतलं. त्यांचा मूळपुरुष १७८०च्या दशकात व्हर्जिनियातून कंबरलँड गॅपची खिंड ओलांडून केंटकीत आला. आज जिला मॅडिसन काउंटी म्हणतात तिथे, बून्सबरोच्या गढीपासून जवळच ओटर क्रीकवर त्याची शेती होती. पुढे म्हातारपणी पोराबाळांसकट तो मिसूरीत गेला. ही वाट त्या काळी अनेक घरांनी धरली होती. पुढे पश्चिमेकडचा वाटाड्या म्हणून गाजलेल्या किट कार्सनचा जन्म १८०९ साली मॅडिसन काउंटीतच झाला आणि तो लहान असतानाच त्याचे आईवडील मिसूरीच्या याच भागात आले. आमच्या माणसाचं आडनाव इथे देत नाही, कारण त्या आडनावाचे हयात नातलग मोजके आहेत आणि लगेच ओळखू येतील. मदत करू शकणाऱ्यांना व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सगळं कळवेन.

त्याच्याबद्दल बरंच हाती लागलंय. बायकोबद्दल मात्र घरच्या बायबलात एकच शब्द आहे: पॉली. मुलांच्या जन्मतारखा ओळीनं लिहिल्या आहेत, पहिलं मूल १७८८चं, पण लग्नाची नोंद नाही आणि तिचं माहेरचं आडनावही नाही. पॉली हे तिकडे मेरीचं घरगुती नाव, म्हणजे कागदोपत्री ती मेरी असणार, आणि मेरी तर घरोघरी. माझ्या आजोळच्या कुलवृत्तांतात घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेर, वडिलांचं नाव, गाव दिलेलं आहे. ते वाचतच मी मोठी झाले, त्यामुळे एवढ्या लेकरांच्या आईचं माहेर कुठेच लिहिलेलं नसावं हे मला फार लागतं. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनाही हेच हवंय.

आता घरातली आख्यायिका. पॉली ही केंटकीची वाट पाडणारा प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून याच्या नात्यातली, त्याची पुतणी किंवा भाची, असं सासूबाईंच्या आजी सांगत. केंटकीच्या जुन्या घरांपैकी कितीतरी घरं असं काही ना काही सांगतात, म्हणून मी आधी बून घराण्याची पडताळणी केली. डॅनियलचा जन्म १७३४चा, पेनसिल्व्हेनियातल्या आजच्या बर्क्स काउंटीतला. वडील स्क्वायर बून इंग्लंडच्या डेव्हनमधून आलेले, आई सेरा मॉर्गन वेल्श वंशाची. घर क्वेकर पंथाचं, त्यामुळे एक्झीटरच्या क्वेकर सभेच्या दप्तरात या कुटुंबाच्या नोंदी आहेत. मुलांनी पंथाबाहेर लग्नं केली म्हणून सभेशी खटके उडाले, १७४८मध्ये स्क्वायरला पंथातून काढलं आणि १७५०च्या सुमारास सगळं कुटुंब उत्तर कॅरोलिनात याडकिनच्या खोऱ्याकडे निघालं. डॅनियल धरून भावंडं अकरा. इथवर जमीन पक्की आहे. गोंधळ सुरू होतो तो पुढच्या पिढीत, कारण ती क्वेकर राहिली नाही आणि जन्मनोंदींचा आधार सुटला.

भावांच्या मुली बून आडनावाच्या, पण बहिणींच्या मुली ब्रायन, ग्रँट, विलकॉक्सन, स्टुअर्ट अशा वेगवेगळ्या आडनावांच्या. त्यात डॅनियलची बायको रिबेका ब्रायनांची, भाऊ एडवर्डची बायकोही ब्रायनांची आणि बहीण मेरी ब्रायनांकडे दिलेली. म्हणजे पॉली 'बूनची नातलग' असेल तर तिचं आडनाव बून असलंच पाहिजे असं मुळीच नाही. आंतरजालावरच्या वंशवृक्षांत कुणीतरी तिला सरळ 'मेरी बून' लिहून टाकलंय आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलंय. पुरावा एकानंही जोडलेला नाही. तो वृक्ष मला मान्य नाही.

मला मिळालेले कागद असे. मॅडिसन काउंटीच्या करयाद्यांत तो माणूस वर्षामागून वर्ष दिसतो: एकवीस वर्षांवरचे पुरुष किती, घोडे किती, जमीन किती एकर आणि कुठल्या ओढ्यावर. त्याच ओळीत गुलामांचाही रकाना आहे आणि काही वर्षं त्याच्या नावापुढे तिथे आकडा आहे, नावं नाहीत. सासूबाईंना हे दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की हेही लिही, ती माणसं कोण होती तेही शोध. तो शोध मी वेगळा चालवते आहे. आणि ही जमीन मुळात कुणाची हेही लिहायला हवं. मार्च १७७५मध्ये सायकामोर शोल्सला हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया या जमिनीचा व्यापार करणाऱ्या कंपनीनं तिथल्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी लोकांच्या पुढाऱ्यांकडून केंटकीचा मोठा भाग 'विकत' घेतला. ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याचा त्याला कडवा विरोध होता, आणि तिथेच शिकार करणाऱ्या शॉनी लोकांचा त्या व्यवहारात सहभागच नव्हता. १७७८मध्ये व्हर्जिनियानं कंपनीचा हक्कही रद्द केला. पुढची वीस वर्षं तिथे जे रक्त सांडलं त्याचं मूळ इथे आहे.

पॉली प्रत्यक्ष दिसते ती एकाच ठिकाणी. मिसूरीला निघण्याआधी त्यांनी ओटर क्रीकची जमीन विकली, त्या खरेदीखताला जोडून तिची कबुली आहे. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला हयातभर एक तृतीयांश हक्क असे, म्हणून विक्रीच्या वेळी अधिकारी बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत की तू हा हक्क राजीखुशीनं सोडते आहेस ना. तिथे 'मेरी' असं नाव आणि पुढे फुलीची निशाणी. तिच्या हातची म्हणता येईल अशी हीच एक खूण मला दिसली आहे.

जनगणनेचा उपयोग नाही. केंटकीची १७९० आणि १८००ची पत्रकं नष्ट झाली, मिसूरीची १८१० आणि १८२०ची गेली, आणि १८५०च्या आधी कुटुंबप्रमुखाखेरीज कुणाचं नावच लिहीत नसत. १८३०मध्ये त्या घरात साठ ते सत्तरच्या दरम्यानची एक स्त्री आहे, ती पॉली असावी. १८५०पर्यंत ती राहिली नाही.

मला विचारायचंय ते हे. मॅडिसनच्या लग्ननोंदींत हे लग्न सापडत नाही, मग पुढे कुठे बघू? डीएनए चाचणीनं काही कळेल का? आणि बूनशी नातं आहे की नाही हे 'नाही' या बाजूनं तरी पक्कं करता येतं का?

प्रतिसाद १

ताई, पहिलं मूल १७८८चं म्हणजे लग्न १७८६-८७च्या आसपासचं धरा. मॅडिसन काउंटी लिंकनमधून फुटून निघाली ती नेमकी १७८५-८६मध्ये. लग्न त्याआधी थोडं झालं असेल तर कागद लिंकन काउंटीत, म्हणजे स्टॅनफर्डच्या कचेरीत. केंटकी नदीच्या उत्तरेला फेएट काउंटी होती, मुलीचे वडील तिकडे राहत असतील तर लग्न तिकडे. पण फेएटचं दप्तर १८०३ साली जळालं, जळक्या कागदांतून वाचलेल्या नोंदींचे खंड तेवढे आहेत.

लग्नाची नुसती यादी बघून थांबू नका, मूळ जामीनखत काढा. नवरदेव आणि एक जामीनदार मिळून पन्नास पौंडांचं खत लिहून देत की या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. जामीनदार बहुतेक वेळा मुलीचा बाप, भाऊ नाहीतर काका असे. मुलगी एकवीसच्या आतली असेल तर बापाच्या किंवा पालकाच्या संमतीची चिठ्ठी जोडलेली असते. छापील याद्यांत जामीनदार आणि चिठ्ठ्या बऱ्याचदा गाळलेल्या असतात.

दुसरं म्हणजे करयादीत एकर आणि ओढा बघितलात, पण १७९०च्या दशकाच्या शेवटच्या याद्यांत त्याच ओळीत पुढे बघा. जमीन पहिल्यांदा कुणाच्या नावानं नोंदली, कुणाच्या नावानं मोजली आणि सरकारी पट्टा कुणाच्या नावावर निघाला, असे रकाने असतात. मुळात सासऱ्याची जमीन जावई कसत असेल तर ते इथेच कळतं. पट्टे आणि मोजणीचे कागद केंटकीच्या भूमी कार्यालयाच्या संस्थळावर फुकट आहेत. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं येतात, ती सगळी उतरवून घ्या. त्या काळी माणसं एकटी येत नसत, सोयऱ्याधायऱ्यांसह येत, आणि लग्नंही त्या शेजारातच होत.

मुलांची नावंही बघा. आईच्या माहेरचं आडनाव एखाद्या मुलाचं पहिलं नाव म्हणून ठेवायची तिकडे रीतच होती.

प्रतिसाद २

डीएनएबद्दल: सासूबाई पॉलीपासून निव्वळ मुलींच्या धाग्यानं, आई-मुलगी-नात असं न तुटता उतरल्या असतील तरच मातृवंशाच्या चाचणीचा उपयोग. मध्ये एक जरी पुरुष आला तरी तो धागा तुटला. मग पॉलीच्या एखाद्या मुलीच्या मुलीची मुलगी असं करत आजची कुणी हयात बाई शोधावी लागेल, आणि तुलनेसाठी बूनच्या बहिणींपैकी कुणाचा तसाच धागा. नेहमीच्या चाचणीनं इतक्या मागच्या पिढीचं भरवशानं कळत नाही. पाचव्या पायरीच्या चुलत-मावस भावंडांत कित्येकदा काहीच जुळत नाही.

त्यापेक्षा क्रांतियुद्धाच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या) निवृत्तिवेतनाचे अर्ज बघा. तुमच्या माणसानं सहा महिने जरी मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यात, काढले असतील तरी १८३२च्या कायद्यानं तो अर्ज करू शकत होता. त्या अर्जात जन्म कुठला, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो हे सगळं न्यायालयासमोर शपथेवर सांगावं लागे. तो आधी वारला असेल तर १८३८चा कायदा तुमच्या कामाचा: १ जानेवारी १७९४च्या आधी लग्न झालेल्या विधवांना त्यानं वेतन दिलं, पण लग्न सिद्ध करावं लागे. दप्तरात लग्न सापडलं नाही की बायका कौटुंबिक बायबलाची पानं फाडून जोडत, लग्नाला हजर असलेल्या भावाबहिणींचे जबाब देत. तुमच्या बायबलात लग्नाचं पान नाही, म्हणूनच मला ही शक्यता वाटते.

बूनच्या बाजूसाठी लायमन ड्रेपर या इतिहास-संग्राहकाचं हस्तलिखित दप्तर आहे, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे. त्यानं १८५१मध्ये बूनचा धाकटा मुलगा नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांना बसवून घराण्याची खडान्‌खडा माहिती विचारली. त्याच दप्तरात जॉन शेन या पाद्र्यानं केंटकीच्या म्हाताऱ्या बायापुरुषांशी बोलून लिहून घेतलेल्या वह्या आहेत. बाप्टिस्ट चर्चांच्या सभावृत्तांतांतही बघा. कुटुंब गाव सोडताना सभासदत्वाचं पत्र घेऊन जाई, त्यामुळे नावं दोन्हीकडे सापडतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन रात्री याच्यावरच घालवल्या.

करयादीतले पुढचे रकाने आधी बघितले. ओटर क्रीकच्या जमिनीचा पट्टा आमच्या माणसाच्या नावावर नाहीच, दुसऱ्याच एका आडनावावर आहे. बूनही नाही आणि ब्रायनही नाही. मग मुलांची नावं पुन्हा वाचली. तिसऱ्या मुलाचं पहिलं नाव आम्हाला सगळ्यांना नेहमी विचित्र वाटत आलंय. ते हेच आडनाव आहे! खरेदीखतावरचे साक्षीदार काढले तर त्यातला एक त्याच आडनावाचा. सासूबाईंना रात्रीच फोन केला. बूनचं नातं यातून गेलं नाही, या घरातली आईच कदाचित बूनांची असेल, पण त्याची त्यांना आता फिकीर नाही.

हे अजून अनुमान आहे, नातं सांगणारा कागद हवा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संस्थळावर हस्ताक्षरातल्या जुन्या दस्तांमध्ये शब्दानं शोधायची सोय आहे, तिथे हे आडनाव आणि ओटर क्रीक एकत्र टाकून बघते आहे. त्या पट्टेदाराचं मृत्युपत्र किंवा वारसांमधली वाटणी सापडली, आणि त्यात 'मुलगी मेरी' किंवा आमच्या माणसाचं नाव जावई म्हणून आलं, तर काम झालं. निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच्या नावानं नाही, विधवेच्या नावानं अजून बघायचाय.

मॅडिसनच्या वारसाखंडांत तो पट्टेदार दिसत नाही, म्हणजे तो एकतर १७८६च्या आधी वारला किंवा दुसरीकडे गेला. लिंकन काउंटीच्या पहिल्या खंडांची छायाचित्रं मला घरून उघडता येत नाहीत, वाचनालयातूनच उघडतात असं दिसतंय. स्टॅनफर्डच्या कचेरीत किंवा फ्रँकफर्टच्या राज्य अभिलेखागारात जाणारं इथे कुणी आहे का? १७८०पासून १७९०पर्यंतची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या, एवढंच बघायचंय. आडनाव व्यनितून कळवते.