आईच्या तिकिटावर आडनावाच्या जागी बाबांचं नाव, दुरुस्त होईल की रद्दच करावं?

ऐरोलीकर_सेक्टर_आठ

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुढच्या महिन्यात ताईकडे दुबईला चाललेत. तिकिटं दाजींनी काढली, भारतातल्याच एका पोर्टलवरून. विमान कंपनीही आपल्याकडचीच. काल प्रिंट काढताना लक्षात आलं. (नावं इथे बदलून लिहितोय.)

आईच्या पासपोर्टावर सरनेमच्या रकान्यात पाटील आणि गिव्हन नेमच्या रकान्यात सुलोचना दत्तात्रय. तिकिटावर आलंय 'दत्तात्रय/सुलोचनामिसेस'. पाटील गायब! बाबांचं आलंय 'पाटील/दत्तात्रयगोविंदमिस्टर', सगळं एकाला एक चिकटून. त्यात चूक आहे की असंच असतं, तेही कळत नाही.

पोर्टलच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, नाव बदलता येत नाही, कॅन्सल करून नवीन काढा. कॅन्सल केलं तर निम्म्याच्या आसपास पैसे कापले जातायत आणि आजचं भाडं तेव्हापेक्षा बरंच वर गेलंय. दाजी म्हणतात कॅन्सल करून टाकू, बाबा म्हणतात, "पासपोर्टावर दत्तात्रय आहेच की, कोण बघतंय!" आईसाठी व्हीलचेअर मागितलेली आहे, दोघांच्या सीटही शेजारी घेतल्यात. कोणाला अनुभव?

माजिवडा_नाका

काही होत नाही हो. माझ्या आधारवर दीपक 'आय'ने आहे, तिकिटावर 'डबल ई'ने आलं. मुंबई-दिल्ली आरामात गेलो आणि आलो. गेटवरच्या जवानाने तोंडाकडे बघितलं, फोटो बघितला, जा म्हणाला. रेल्वेत तर बापाचं तिकीट मुलाच्या नावावर करून देतात. उगाच टेन्शन घेऊ नका.

तिकीटखिडकी

माजिवडा, तुमचं दिल्लीचं खरं आहे, पण ते दुबईला लावू नका. मी नौपाड्यात बसून तिकिटांचंच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

देशातल्या प्रवासात ओळखपत्र आणि तिकीट डोळ्यांनी पडताळतात, एखाददुसऱ्या अक्षरासाठी सहसा कोणी अडवत नाही. परदेशच्या काउंटरवर पासपोर्ट मशीनला लावतात. फोटोच्या पानाच्या तळाशी त्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्या वाचल्या जातात आणि त्यात आडनाव आधी येतं. वर व्हिसा. तो पासपोर्टावरून निघतो, म्हणजे त्यावरही पाटील. तिन्ही कागदांत तिकीट तेवढं वेगळं पडणार. कागदपत्रांत गोंधळ असलेला प्रवासी नेला आणि तिकडून परत पाठवला, तर भुर्दंड कंपनीला बसतो. त्यामुळे काउंटरवरची मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर 'चालेल' म्हणणार नाही, सुपरवायझरला बोलावणार. रात्रीच्या विमानाला, तीन तास आधी, व्हीलचेअरवरच्या आईंना घेऊन तो वाद घालायची हौस आहे का कोणाला?

रेल्वेचं गणित वेगळं. तिथे गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज दिला, तर कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर करून मिळतं. आपल्याकडच्या विमान कंपन्या एकाचं तिकीट दुसऱ्याला देत नाहीत. दिलं असतं तर लोकांनी दिवाळीची तिकिटं गणपतीच्या आधीच स्वस्तात उचलून दामदुपटीने विकली असती.

ऐरोलीकर, तुमच्या आईंच्या बाबतीत प्रवासी तीच आहे, नवऱ्याचं नाव फक्त चुकीच्या रकान्यात जाऊन बसलंय. आपल्या लोकांच्या तिकिटांत हे इतकं होतं की मी गिऱ्हाइकाकडून नाव तोंडी घेतच नाही, पासपोर्टच्या पानाचा फोटो मागते. फॉर्मला दोन रकाने, आपलं नाव तीन तुकड्यांचं. भरणाऱ्याने पहिला तुकडा पहिल्यात टाकला, दुसरा दुसऱ्यात, तिसरा राहिला बाहेर.

बाबांचं तिकीट बरोबर आहे. बुकिंगच्या सिस्टिममध्ये आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग बाकीचं नाव, अशीच पद्धत आहे. मधल्या जागा गळतात आणि मिस्टर-मिसेस शेवटी चिकटतं. नाव फार लांब असेल तर शेपूट कापलंही जातं. त्याला हात लावू नका, आणि आईंच्या नावाबरोबर पोर्टलवाल्याने तेही 'सुधारायला' घेतलं तर स्पष्ट नको म्हणा.

आता करायचं काय. आधी म्हणजे दाजींना थांबवा. रद्द केलं की दुरुस्त करायला तिकीटच उरत नाही. चॅटवरचा मुलगा समोरच्या स्क्रीनवरचं वाक्य वाचून दाखवतो, त्याचं 'नाही' म्हणजे विमान कंपनीचं 'नाही' नव्हे. तरी मार्ग पोर्टलमधूनच जातो, कारण तिकीट त्यांनी काढलंय. कंपनीला थेट फोन केलात तर ते तुम्हाला तिकडेच पाठवतील. म्हणून पोर्टलला ईमेल करा आणि त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला जाऊ द्या. त्यात पीएनआर, आईंच्या तिकिटाचा 13 आकडी नंबर, आणि पासपोर्टची पहिली व शेवटची दोन्ही पानं. शेवटचं पान मुद्दाम सांगतेय. तिथे पतीचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे हे दत्तात्रय कोण हा प्रश्नच उरत नाही. मजकूर दोन ओळींचा पुरे: प्रवासी तीच आहे, आडनावाच्या रकान्यात पतीचं नाव पडलं आहे, पासपोर्टप्रमाणे करून द्यावं. पानभर कहाणी लिहिलीत तर वाचणारा पहिल्या परिच्छेदात दमतो.

पुढे कंपनी दोनपैकी एक करते. काही आहे त्याच बुकिंगमध्ये नाव सुधारतात. काही त्याच भाड्यात सीट शिल्लक असेल तर जुनं रद्द करून नवीन तिकीट देतात, आणि त्या भाड्याच्या सीट संपल्या असतील तर फरक मागतात. म्हणून आजच करा, रविवारची वाट बघू नका. दोघं एका पीएनआरवर असतील तर बहुतेक आईंना आधी वेगळं काढतील. तसं झालं की शेजारच्या सीट, जेवण आणि मुख्य म्हणजे व्हीलचेअरची नोंद, हे सगळं नव्या बुकिंगवर आपोआप येतं असं धरून चालू नका. प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घ्या.

झालं म्हणाले की पोर्टलच्या पीडीएफवर विसंबू नका. विमान कंपनीच्या साइटवर जाऊन पीएनआर आणि आडनाव म्हणून पाटील टाका. बुकिंग उघडलं तर काम झालं. अजून दत्तात्रय टाकूनच उघडत असेल तर फक्त कागद बदललाय.

माजिवडा_नाका

मॅडम, मान्य. पण मग ते 24 तासांत फुकट दुरुस्तीचं काय ऐकतो?

तिकीटखिडकी

आहे तो नियम, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा. तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढलेलं असेल आणि बुकिंगपासून 24 तासांच्या आत त्याच प्रवाशाच्या नावातली चूक दाखवली, तर जादा पैसे घ्यायचे नाहीत. ऐरोलीकरांचं पोर्टलवरचं आणि 24 तास कधीच उलटलेले, म्हणून वर लिहिलं नाही. एजंटकडून काढलं असेल तर त्याच दिवशी सांगा. दिवस संपायच्या आत आम्हाला तिकीट सहसा व्हॉइड, म्हणजे काढलंच नव्हतं असं रद्द, करता येतं, दुसऱ्या दिवशी हात बांधले जातात. तिकीट हातात आलं की लोक आधी सीट खिडकीची आहे का बघतात. आधी नाव बघा हो!

वाशीची_काकू

थोडं विषयांतर, पण दुबई आहे म्हणून लिहिते. माझ्या जाऊबाईंच्या पासपोर्टावर सरनेमचा रकाना चक्क रिकामा, नुसतं एक नाव. पूर्वी त्याच नावावर जाऊन आल्या होत्या. या वेळी एजंट म्हणाला की चालणार नाही. खरं आहे का हे?

तिकीटखिडकी

खरं आहे. नोव्हेंबर 2022 पासून यूएई पासपोर्टावर एकच शब्द असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेत नाही. नंतर एवढी सवलत दिली की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं. तरी पुन्हा पुन्हा जायचं असेल तर पासपोर्टच नव्याने करून आडनाव घालून घ्या. ठाण्यात वागळे इस्टेटला सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन. पण आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. हा क्रम उलटा केलात तर तिन्ही पुन्हा.

ऐरोलीकर_सेक्टर_आठ

अपडेट देतो. तिकीटखिडकी ताई, तुम्ही सांगितलं तसाच ईमेल केला. पोर्टलकडून आधी तेच छापील उत्तर आलं. त्यावरच परत लिहिलं की कंपनीला प्रत गेलेली आहे, नकार असेल तर तो कंपनीचा लेखी द्या, म्हणजे एअरसेवावर, सरकारच्या विमान-तक्रारींच्या पोर्टलवर, तक्रार टाकायला बरं. संध्याकाळी फोन आला आणि या वेळी समोरची बाई शहाणी निघाली. तिने पासपोर्टची पानं उघडून बघितली होती.

आईला वेगळ्या पीएनआरवर काढलं, नवीन तिकीट नंबर आला. भाड्यात फरक लागला नाही, पोर्टलने स्वतःची फी मात्र लावली. ती दाजींनी मुकाट भरली. कंपनीच्या साइटवर पाटील टाकून उघडलं, उघडलं!

आणि व्हीलचेअर खरंच गेली होती. सीटसुद्धा. बाबा जुन्याच पीएनआरवर, जुन्याच जागेवर आणि आई पार मागे टॉयलेटजवळ. कंपनीला फोन करून व्हीलचेअर परत टाकून घेतली, दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडल्याची नोंदही करायला लावली. सीट पैसे देऊन बदलली. आई म्हणते, मागे बसले असते तरी चाललं असतं, तेवढीच शांतता.

कोपरीची_सून

मीही विचारून घेते. लग्न नुकतंच झालंय, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाने करून झालं. सिंगापूरला जायचंय. सासरे म्हणतात तिकीट नव्या नावाने काढ, मॅरेज सर्टिफिकेट सोबत ने.

तिकीटखिडकी

सासऱ्यांना सांगा, परदेशात आधार कोणी विचारत नाही. तिकीट आणि व्हिसा दोन्ही माहेरच्या नावाने, पासपोर्टावर आहे अगदी तसंच. मॅरेज सर्टिफिकेट बॅगेत असू द्या, पण त्याच्या जोरावर वेगळ्या नावाचं तिकीट काढू नका. पासपोर्टावरचं नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर निवांत बदला. इथे देशात फिरताना मात्र उलटा घोळ होतो: डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहरा दाखवून आत जायचं ॲप, आधारवरून नाव घेतं, म्हणजे तुमचं सासरचं येणार, आणि तिकीट माहेरच्या नावाचं असलं की बोर्डिंग पास जोडताना अडकतं. तेव्हा देशातल्या प्रवासाला जे ओळखपत्र दाखवणार, त्याच नावाने तिकीट काढा.

आणि ऐरोलीकर, तुम्ही नवी मुंबईतले म्हणून सांगते, तिकिटावर शहराचं नुसतं नाव वाचू नका, कोडही बघा. बीओएम असेल तर सहारचं, मुंबईचं जुनं विमानतळ, एनएमआय असेल तर आपलं उलव्याकडचं नवं विमानतळ. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडायला लागली, तेव्हापासून चुकीच्या विमानतळावर निघालेल्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागलेत मला.

ऐरोलीकर_सेक्टर_आठ

बघितलं, बीओएमच आहे. पहाटेची ओला आत्ताच बुक करू का, हा बाबांचा पुढचा प्रश्न आहे, पण तो इथे विचारत नाही. आभार.